नव्या नाकाची पूर्वपीठिका

मराठी भाषेने नाकाला जेवढा मान दिला आहे तेवढा दुसऱ्या कोणत्याही अवयवाला क्वचितच दिला असेल. गावाचे नाक असते, घराण्याचे नाक असते. मुलाने काही वावगे केले की कापले जाते ते बापाचे नाक. शरण जायचे ते नाक घासून, आणि हटवाद्याला बोलते करायचे ते नाक दाबून. वास्तविक पाहता डोळा नाकापेक्षा अधिक उपयोगाचा, हात अधिक कामाचा. पण अब्रू मात्र आपण नाकावर नेऊन ठेवली आहे. असे का झाले, याचे उत्तर इतिहासात शोधावे लागते.

ज्या गोदावरीच्या काठी आपल्या गंगाखेडला संत जनाबाईंचे स्मरण होते, त्याच गोदावरीच्या वरच्या अंगाला नाशिकची पंचवटी आहे. तेथे लक्ष्मणाने शूर्पणखेचे नाक कापले अशी कथा आहे, आणि नाशिक हे नाव त्यावरूनच पडले असे लोक सांगतात. नावाच्या व्युत्पत्तीचा वाद पंडितांवर सोपवू. आपल्याला एवढेच पाहायचे आहे की नाक कापणे ही शिक्षा या देशात फार जुनी आहे. चोरी, फितुरी, व्यभिचाराचा नुसता संशय, एवढी कारणे त्यासाठी पुरत. ही रीत केवळ आपल्याकडचीच होती असेही नाही. कॉन्स्टँटिनोपलचा सम्राट दुसरा जस्टिनियन याला इ. स. ६९५ मध्ये पदच्युत करताना त्याच्या शत्रूंनी त्याचे नाक कापले. विद्रूप माणूस गादीवर बसू शकत नाही, असा त्यामागचा हिशेब होता. दहा वर्षांनी तो पुन्हा गादीवर बसला हा भाग वेगळा. शिक्षा देणाऱ्याला जीव घ्यायचा नसे. माणसाने जिवंत राहावे आणि आपली बेअब्रू जन्मभर तोंडावर वागवावी, अशी ती योजना असे.

जेथे घाव पडतो तेथेच औषध शोधले जाते. नवे नाक बसविण्याची विद्या आपल्या देशात का वाढली याचे कारण हेच. आज नाकाचा आकार बदलून घेण्याच्या शस्त्रक्रियेची चर्चा शहरांतच नव्हे, तर तालुक्याच्या गावीही ऐकू येते. लग्नाच्या वयाच्या मुलामुलींचे आईबाप तिची चौकशी करतात. ती करून घेण्यापूर्वी माणसाला काय ठाऊक असावे, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे. आम्ही वैद्य नव्हे. इतिहासाच्या वाटेने जाणारे आहोत. परंतु या शस्त्रक्रियेच्या इतिहासातले एक मोठे पान महाराष्ट्रात, पुण्याच्या परिसरात लिहिले गेले आहे, आणि ते नीट वाचले तर आजच्या माणसाने विचारावयाचे बहुतेक प्रश्न त्यात सापडतात, असे आमचे मत आहे.

१७९० साली पेशवे, निजाम आणि इंग्रजांची ईस्ट इंडिया कंपनी या तिघांनी म्हैसूरच्या टिपू सुलतानाविरुद्ध एकी केली. आपला परभणीचा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात मोडत होता, तो पुढे १९४८ पर्यंत. त्या काळचे युद्ध बैलांच्या पाठीवर चाले. तोफा ओढायला बैल, दाणागोटा वाहायला बैल. लमाणांचे तांडे हजारो बैलांवर धान्य लादून फौजेच्या मागे चालत, आणि लॉर्ड कॉर्नवॉलिसच्या सैन्याची भिस्त शेवटी शेवटी याच तांड्यांवर होती. ज्याची रसद तुटली त्याचे सैन्य उपाशी. म्हणून तलवार न धरणारा बैल हाकणारा माणूससुद्धा शत्रूच्या डोळ्यांवर येई.

असाच एक बैल हाकणारा इंग्रजांच्या फौजेबरोबर होता. इंग्रजी कागदांत त्याचे नाव कावसजी असे आले आहे. नाव ऐकून तो पारशी वाटतो, पण त्याच वृत्तात तो शेतकरी जातीचा मराठा असल्याचे स्पष्ट म्हटले आहे. परक्या कानाने ऐकलेले नाव परक्या लिपीत असेच उतरते. १७९२ च्या लढाईत तो टिपूच्या कैदेत सापडला. तेथे त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. त्याच स्थितीत तो श्रीरंगपट्टणजवळ मुंबईच्या फौजेला येऊन मिळाला. कंपनीने त्याला पेन्शन दिले. पोटाचा प्रश्न सुटला, पण तोंड दाखविण्याचा सुटला नाही. सुमारे बारा महिने तो नाकावाचून राहिला. नंतर पुण्याजवळ एका माणसाने त्याला नवे नाक बसवून दिले. इंग्रजी वृत्तात या माणसाला विटा करणाऱ्या जातीचा म्हटले आहे. म्हणजे तो आपला कुंभार.

मुंबई इलाख्यातील थॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या दोन इंग्रज डॉक्टरांनी ही क्रिया प्रत्यक्ष पाहिली होती. जेम्स वेल्स या चित्रकाराने शस्त्रक्रियेनंतर दहा महिन्यांनी, जानेवारी १७९४ मध्ये, कावसजीचे चित्र काढले. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकात ही सारी हकीकत चित्रासह छापून आली. त्यामुळे ती क्रिया कशी होती हे आज आपल्याला पायरीपायरीने सांगता येते.

कुंभाराने प्रथम सुरीला हात लावला नाही. त्याने मेणाची पातळ पट्टी घेतली आणि नाकाच्या उरलेल्या खुंटावर बसवून तिला चांगल्या नाकाचा आकार दिला. मग ती पट्टी उलगडून सपाट केली, कपाळावर ठेवली आणि तिच्या कडेने रेघ ओढली. त्या रेघेवरून त्याने कपाळाची कातडी सोडवली. मात्र दोन डोळ्यांच्या मधोमध तिचा एक बारीक देठ तसाच जोडलेला ठेवला. खुंटावरचा जुना व्रण खरवडून ताजा केला आणि त्याच्या भोवताली, नाकपुड्यांच्या बाजूंनी वरच्या ओठापर्यंत, एक चीर दिली. मग कपाळावरची कातडी अर्धा पीळ देऊन खाली आणली आणि तिच्या कडा त्या चिरेत बसवल्या. सांध्यावर पाण्यात कालवलेल्या काताच्या, म्हणजे आपण विड्यात घालतो त्याच काताच्या, कापडी पट्ट्या पाच-सहा थरांनी लावल्या. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेल्या पट्ट्या ठेवल्या. पाच-सहा दिवस रोग्याला उताणे निजवले. दहाव्या दिवशी नाकपुड्या बुजू नयेत म्हणून त्यांत मऊ कापडाच्या वाती घातल्या. सुमारे पंचविसाव्या दिवशी तो देठ कापला, आणि थोडी डागडुजी करून नाकाला रूप दिले. भुलीचे औषध नव्हते; ते जगाला १८४६ साली मिळाले.

या क्रियेचे सारे मर्म त्या देठात आहे. चांगल्या जाडीचा कातडीचा तुकडा अंगापासून पुरता तोडून दुसरीकडे चिकटवला, तर रक्तावाचून तो बहुधा कुजून जातो. वेलीवरचे फळ जसे देठाने वेलीला धरून असते, तसे हे नवे नाक कपाळाच्या रक्तावर जगत राहते. तीन-चार आठवड्यांत खालच्या खुंटातून नव्या रक्तवाहिन्या त्यात शिरतात, आणि मग देठ कापला तरी नाक जिवंत राहते. रक्ताभिसरणाची ही मीमांसा त्या कुंभाराला आपल्या शब्दांत सांगता आली असती की नाही, याची चर्चा व्यर्थ आहे. देठ कोठे ठेवायचा आणि किती दिवस ठेवायचा हे त्याच्या हाताला पक्के कळत होते.

हे ज्ञान आले कोठून? आपल्याकडे या प्रश्नाचे उत्तर ताबडतोब ‘सुश्रुत’ असे दिले जाते. ते बरोबर आहे, पण पुरते नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात तुटलेले नाक जोडण्याचा विधी आहे. झाडाच्या पानाने नाकाचे माप घ्यावे, त्या मापाची कातडी सोडवावी, ती एका बाजूने जोडलेली ठेवावी, नाकपुड्यांत दोन नळ्या घालाव्यात, असे सारे तेथे सांगितले आहे. परंतु तेथे कातडी गालाची आहे. पुण्याच्या कुंभाराने ती कपाळाची घेतली. म्हणजे मधल्या शतकांत कोणीतरी, बहुधा अनेकांनी, पोथीत नसलेली सुधारणा अनुभवाने केली. त्या सुधारकांची नावे कोणी टिपून ठेवली नाहीत. सुश्रुताचा आणखी एक अध्याय आपण सहसा सांगत नाही. शिष्याने रोग्याच्या अंगाला शस्त्र लावण्यापूर्वी भोपळा, काकडी यांसारख्या फळांवर, कातडी पिशव्यांवर, कमळाच्या देठांवर हात बसवावा, आणि शास्त्र पाठ असले तरी सराव नसलेल्याने हे काम करू नये, असा त्याचा दंडक आहे.

युरोपातही ही विद्या एकदा येऊन गेली होती. इटलीत बोलोन्याच्या गास्पारे ताल्याकोत्सी याने १५९७ साली दंडाच्या कातडीने नाक बसविण्यावर ग्रंथ लिहिला. त्यात रोग्याचा हात कित्येक दिवस डोक्याशी बांधून ठेवावा लागे. पुढे ती पद्धत मागे पडली. अशा वेळी कावसजीची हकीकत लंडनला पोहोचली, आणि जोसेफ कार्प्यू नावाच्या शल्यवैद्याच्या मनात ती घर करून राहिली.

कार्प्यूचे वर्तन आम्हाला मुद्दाम सांगावेसे वाटते. त्याने हकीकत वाचली आणि लगेच सुरी उचलली, असे झाले नाही. मधे जवळजवळ वीस वर्षे गेली. हिंदुस्थानात राहून परतलेल्या लोकांकडे त्याने चौकशी केली. त्यांत पुण्याच्या दरबारी इंग्रजांचा वकील म्हणून राहिलेला सर चार्ल्स मॅलेट होता. कुंभार लोक ही क्रिया परंपरेने करतात, याला त्याने दुजोरा दिला. कार्प्यूने प्रेतांवर ही क्रिया अनेकदा करून पाहिली. मग २३ ऑक्टोबर १८१४ रोजी त्याने पाऱ्याच्या औषधांनी नाक झडलेल्या एका लष्करी अधिकाऱ्यावर ती केली. शस्त्रक्रियेला सुमारे पंधरा मिनिटे लागली. दुसरा रोगी लढाईत जखमी झालेला अधिकारी होता. दोन्ही यशस्वी झाल्यावर १८१६ साली त्याने पुस्तक लिहिले, आणि विद्या कोठून आली हे त्यात न लपवता सांगितले. पुढे १८१८ साली बर्लिनच्या ग्रेफे याने या विषयावर ग्रंथ लिहिला, आणि कपाळाच्या कातडीने नाक करण्याची रीत जगभर ‘भारतीय पद्धत’ म्हणून ओळखली जाऊ लागली. कर्करोगामुळे नाकाचा मोठा भाग काढावा लागला तर आजही शल्यवैद्य त्याच पद्धतीचा सुधारलेला प्रकार वापरतात.

येथे एक गोष्ट मनाला लागते. बैल हाकणाऱ्याचे नाव राहिले. चित्रकाराचे राहिले, पाहणाऱ्या डॉक्टरांची राहिली, लंडनच्या शल्यवैद्याचे तर अजरामर झाले. ज्याच्या हातून नाक घडले त्याचे नाव मात्र कोणाही लिहिणाऱ्याने विचारले नाही. त्यासाठी केवळ इंग्रजांना बोल लावून चालणार नाही. कुंभार हा मडकी-विटा करणारा, त्याला नाव कशाला, ही समजूत आपलीही होती. काशीच्या सुश्रुताचा अभिमान बाळगणाऱ्याने पुण्याच्या या अनाम माणसाचे ऋणही मान्य करावे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या विद्येचे तोंड दुसऱ्या दिशेला वळले. एकीकडे जुने काम चालूच होते. काठेवाडात दरोडेखोरांनी नाके कापलेल्या लोकांवर जुनागढचे डॉ. त्रिभुवनदास मोतीचंद शहा यांनी शस्त्रक्रिया केल्या आणि १८८९ साली त्यांची हकीकत प्रसिद्ध केली. परंतु त्याच सुमारास, १८८७ साली, अमेरिकेतील जॉन रो याने नकट्या नाकाला आतून शस्त्र लावून आकार देण्याची रीत मांडली. १८९८ साली बर्लिनमध्ये जाक योझेफ याने एका तरुणाचे मोठे नाक लहान केले. त्या तरुणाचे नाक धडधाकट होते. पण लोक पाहतात, हसतात, या दुःखाने तो चारचौघांत जाईनासा झाला होता. या माणसाचे दुःखही खरेच आहे आणि ते दूर करणे हेही वैद्याचे काम आहे, अशी योझेफची भूमिका होती.

ती भूमिका आपण झटकून टाकू नये. ‘नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं’ ही म्हण आपणच केली आहे, आणि नकट्या मुलीला ती कितीदा ऐकावी लागते हे आपल्याला ठाऊक आहे. कावसजीचे नाक एकदा सुरीने कापले गेले. हिच्या नाकावर रोज शब्दांचे वार होतात. मात्र दोन्ही गोष्टींत एक भेद आहे. कावसजीजवळ गमावण्यासारखे नाक उरले नव्हते. धडधाकट नाकाच्या माणसाजवळ ते आहे. त्याचा श्वास नीट चालतो, त्याला वास येतो, चेहरा ओळखीचा आहे. म्हणून त्याने कावसजीपेक्षा अधिक विचार केला पाहिजे.

पहिला विचार कारणाचा. नाकाच्या आतला पडदा वाकडा असेल, अपघाताने हाड बसले असेल, श्वास कोंडत असेल, तर ते कारण स्पष्ट आहे. नुसत्या रूपासाठी शस्त्रक्रिया करायची असेल तर ती इच्छा कोणाची, हे आधी ठरवावे. मुलीची की तिला पाहायला येणाऱ्यांची? नाक सुधारल्याने नाक सुधारते. लग्न जुळणे, नोकरी लागणे, नवऱ्याचा स्वभाव बदलणे ही कामे त्याच्या हातची नाहीत. काही माणसांना इतरांना न दिसणारा दोष सारखा दिसत राहतो, दिवसातले कित्येक तास आरशापुढे जातात. हा मनाचा आजार आहे. त्याला उपचार मानसवैद्याकडे आहेत. सुरीने तो बहुधा बरा होत नाही. शिवाय नाकाची वाढ पुरी होण्याआधी, म्हणजे साधारणपणे मुलींच्या बाबतीत पंधरा-सोळा आणि मुलांच्या बाबतीत सतरा-अठरा वर्षांआधी, केवळ रूपासाठी शस्त्रक्रिया करू नये, असा शल्यवैद्यांचा सर्वसाधारण संकेत आहे.

दुसरा विचार हाताचा. सुश्रुताने भोपळ्यावर सराव सांगितला, कार्प्यूने प्रेतांवर केला. आज पदवी आणि सराव दोन्ही पाहता येतात. प्लॅस्टिक सर्जरीचे किंवा कान-नाक-घशाचे उच्च शिक्षण झालेले, महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे नोंद असलेले शल्यवैद्य हे काम करतात. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. बालकृष्णन यांनी १९५८ साली प्लॅस्टिक सर्जरीचा स्वतंत्र विभाग उभा केला; मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशीर अंतिया यांनी कुष्ठरोगाने बसलेली नाके उभी करून कित्येकांना पुन्हा समाजात आणले. अशी परंपरा असलेल्या राज्यात केवळ जाहिरातीतल्या ‘आधी’ आणि ‘नंतर’च्या फोटोंवर भाळण्याचे कारण नाही. आपण अशी किती नाके केली, त्यांतली किती पुन्हा करावी लागली, भूल कोण देणार, अडचण आली तर रुग्णालयात सोय काय, हे निःसंकोच विचारावे. जो या प्रश्नांनी रागावेल त्याच्याकडून उठून यावे.

तिसरा विचार मापाचा. कुंभाराने आधी मेणाचे नाक केले. आज फोटो काढून संगणकावर भावी नाक दाखवतात. ते मेणाच्या पट्टीसारखे केवळ मापाचे साधन आहे. तो करारनामा नव्हे. प्रत्येकाची कातडी, कूर्चा आणि जखम भरण्याची तऱ्हा वेगळी. सिनेनटाचे नाक हुबेहूब आपल्या चेहऱ्यावर बसत नाही. रक्तस्राव, जंतूंची बाधा, श्वासाला अडथळा, दोन्ही बाजू सारख्या न होणे, कातडी बधिर राहणे, मनासारखा आकार न येणे, हे धोके चांगल्या हातातही पुरते टळत नाहीत, आणि काहींना दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया करावी लागते. दुसरी पहिलीपेक्षा अवघड असते. खर्चाचा हिशेब करताना हेही धरावे.

चौथा विचार वाट पाहण्याचा. पंचवीस दिवस तो देठ तसाच ठेवण्याचे धैर्य नसते तर कावसजीचे नाक राहिले नसते. आज नाकावरचा आधार साधारण आठवड्याने काढतात, डोळ्यांभोवतीचा काळेनिळेपणा दोन-तीन आठवड्यांत जातो. पण आतली सूज पुरती उतरून नाक खऱ्या रूपाला यायला वर्षभर लागू शकते. तेव्हा लग्नाच्या आदल्या महिन्यात शस्त्रक्रिया ठरवू नये. चष्मा कधी लावावा, नथ-चमकी कधी घालावी, शेतातले जड काम कधी सुरू करावे, हे विचारून लिहून घ्यावे. विडी, सिगारेट, तंबाखू यांनी कातडीचा रक्तपुरवठा घटतो, आणि आपण पाहिलेच की साऱ्या विद्येचे मर्म रक्तपुरवठ्यात आहे. म्हणून शल्यवैद्य सांगतील तितके आठवडे आधी आणि नंतर ती व्यसने बंद ठेवावीत. रक्त पातळ करणारी किंवा अन्य जी औषधे चालू असतील ती सर्व, घरगुती काढ्यांसकट, आधी सांगावीत. आपल्याकडचे पुष्कळ लोक अशा कामासाठी संभाजीनगर, पुणे, मुंबई गाठतात. शस्त्रक्रिया झाली की संध्याकाळच्या गाडीने परत, असा बेत आखू नये. पहिल्या आठवड्यात पुन्हा दाखवायला जाता येईल अशी सोय आधी करावी.

शेवटी चार शब्द घरच्या मंडळींसाठी. कावसजीने बारा महिने काढले, कारण त्याला नाक करून देणारा माणूस भेटला नव्हता. आपल्याला शल्यवैद्य हवा तेव्हा भेटतो, म्हणून घाई होते. निदान काही महिने विचार करावा, दोन ठिकाणी सल्ला घ्यावा. विचारांती मुलाने किंवा मुलीने स्वतः निर्णय घेतला तर तिला नटवेपणा म्हणून हिणवू नये, आणि नको म्हटले तर ‘स्थळे येणार नाहीत’ म्हणून ढकलू नये. ज्या घरात नाकावरून टोमणे बंद होतात तेथे कित्येकदा शस्त्रक्रियेचा प्रश्न आपोआप मागे पडतो. एवढे काम करायला परभणीहून कोठे जावे लागत नाही, आणि त्याला खर्चही येत नाही.